वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतल्या तबकड्या आणि जेम्स कार

गेल्या अंकातील अमेरिकन सोल संगीतावरच्या टिपणात मेम्फिसच्या जेम्स कार या गायकाचा उल्लेख एका ओळीत आला होता. त्या ओळीवर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या वाड्यावरचे एक शेजारी आयुष्यभर बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पश्चात मुले लिस्बनला स्थायिक झाली आणि गेल्या वर्षी घराला कुलूप लावताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आमच्या स्वाधीन केली. तीत चाळीसेक लहान तबकड्या आहेत. बहुतेक इंग्रजी नाचाच्या गाण्यांच्या आहेत, काही कोकणीही आहेत, पण तुमचे टिपण वाचून मी ट्रंक पुन्हा उघडली, तेव्हा चार तबकड्यांवर जेम्स कार हे नाव आणि गोल्डवॅक्स ही कंपनी आढळली. मी नाट्यपदे आणि अभंग ऐकणारा माणूस आहे. एक तबकडी लावली, अर्धेअधिक शब्द कळले नाहीत, तरी ती पुन्हा लावावीशी वाटली. हा गायक कोण? इतका चांगला असून त्याचे नाव कानावर का आले नाही? आणि माझा भाचा म्हणतो तशा या तबकड्या दुर्मीळ असून त्यांना मोठा भाव येईल, हे खरे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : शब्द न कळताही तबकडी पुन्हा लावावीशी वाटली, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले आहे. उरलेले निम्मे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे भक्तिगायन चालत असे, त्याची गाण्याची रीत तशीच ठेवून तीत लौकिक प्रेमाचे शब्द घातले गेले, त्याला रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लौकिक नाचगाण्यांच्या तालाची जोड मिळाली आणि 1950 ते 1960 च्या दशकांत सोल संगीत आकाराला आले. अभंग आणि नाट्यपद एकाच गळ्यातून ऐकण्याची सवय असलेल्या गोमंतकीय श्रोत्याला ही घडण परकी वाटू नये. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात मुख्य गायकाने ओळ टाकावी, साथीदारांनी ती उचलून धरावी आणि मग गायकाने तिच्यावर आणखी एक पायरी चढावे, असे आपण ऐकलेले असते. त्या चर्चमधील गायनातही अशीच देवघेव चालते, आणि सोलच्या तबकड्यांत मागून येणाऱ्या स्त्रियांच्या आवाजांचे कामही तेच असते. फरक एवढाच की तेथे सगळी रात्र हाताशी नसते, अडीच मिनिटांत सर्व काही उरकावे लागते.

जेम्स कार (मराठीत लिहिले की हे नाव मोटारीसारखे दिसते, त्याला इलाज नाही) यांचा जन्म 13 जून 1942 रोजी मिसिसिपी राज्यातील कोहोमा येथे एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. लहानपणीच कुटुंब मेम्फिसला आले आणि तेथील भक्तिगीत गाणाऱ्या मंडळींत त्यांचा गळा तयार झाला. याच मंडळींत वावरणारे रूझवेल्ट जेमिसन नावाचे गृहस्थ होते. ते रक्तपेढीत नोकरी करीत, गाणी लिहीत आणि होतकरू गायकांना धरून ठेवीत. 1964 मध्ये एके मध्यरात्री जेमिसन यांनी कार आणि ओ. व्ही. राइट या दोन गायकांना बरोबर घेऊन क्विंटन क्लॉन्च यांचे दार ठोठावले आणि त्यांच्या दिवाणखान्यात जमिनीवर टेपरेकॉर्डर ठेवून दोघांचे गाणे ऐकवले, ही हकिगत पुढे क्लॉन्च यांनीच अनेकदा सांगितली आहे. क्लॉन्च यांनी त्याच वर्षी रुडॉल्फ रसेल नावाच्या औषध-दुकानदाराशी भागीदारी करून गोल्डवॅक्स ही कंपनी काढली होती. मध्यरात्री आलेल्या माणसांना त्यांनी हाकलून दिले नाही, म्हणून आपल्या ट्रंकेत आज त्या चार तबकड्या आहेत.

पहिली दोन वर्षे फारसे काही घडले नाही. 1966 मध्ये ‘यूव्ह गॉट माय माइंड मेस्ड अप’ हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या यादीत 7 व्या क्रमांकापर्यंत पोचले. ते ओ. बी. मॅक्लिंटन यांनी लिहिले होते आणि हे मॅक्लिंटन पुढे कंट्री गायक म्हणून ओळखले गेले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण कार यांच्या गाण्यांत चर्चइतकाच गोऱ्या शेतकऱ्यांच्या कंट्री गीतांचाही अंश आहे. साधी गोष्ट, साधे शब्द, आणि त्यात अडकलेला एक माणूस. त्याच वर्षीच्या ‘पोरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन’ या गाण्याची कल्पना तर मराठी माणसाला चटकन कळावी. आपल्याकडे बुडत्याला काडीचा आधार असतो; येथे बुडत्याच्या डोक्यावर प्रेयसी वरून आणखी पाणी ओतते आहे. दुसऱ्या एखाद्या गायकाने यात थट्टा आणली असती. कार तक्रारसुद्धा करीत नाहीत, घडत असलेली गोष्ट नुसती कळवतात.

त्यांचे नाव ज्या एका गाण्याने टिकले, ते 1967 चे ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ आपल्या चार तबकड्यांत आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही. असल्यास ती आधी बाजूला काढावी. डॅन पेन आणि चिप्स मोमन या गीतकारांनी ते 1966 मध्ये नॅशव्हिल येथे रेडिओ-निवेदकांच्या मेळाव्याला गेले असताना, पत्त्यांच्या डावातून उठून थोडक्या वेळात लिहिले. मोमन यांच्या स्वतःच्या स्टुडिओतील यंत्रणा तेव्हा बिघडलेली असल्यामुळे ध्वनिमुद्रण मेम्फिसच्याच रॉयल स्टुडिओत झाले, असे सांगितले जाते. विषय चोरट्या प्रेमाचा आहे. दुसऱ्यांशी बांधलेली दोन माणसे रस्त्याच्या अंधाऱ्या टोकाला भेटतात आणि एक दिवस आपण पकडले जाणार हे दोघांनाही ठाऊक असते.

या गाण्यात कार काय करतात ते बारकाईने ऐकण्याजोगे आहे. सुरुवातीला थरथरती गिटार आणि तिच्यावर जवळजवळ बोलल्यासारखा खर्जाकडचा आवाज येतो. जोर नाही, ताना नाहीत, श्वाससुद्धा जपून घेतलेला. लपून भेटणाऱ्या माणसाने आवाज खाली ठेवावा हे ओघानेच आले, परंतु ही साधी गोष्ट ओळखणारे गायक फार थोडे. मधल्या कडव्यात भीती वर येते तसा आवाजही वर चढतो. आता हा गळा मोकळा सोडणार, असे वाटत असतानाच तो पुन्हा खाली उतरतो आणि अंधारात परत जातो. चर्चमध्ये तयार झालेला गळा काय करू शकतो याची झलक आपल्याला मिळालेली असते, त्यामुळे त्याने जे केले नाही तेही ऐकू येऊ लागते. मैफलीत एखादा जाणता गायक तार षड्जाला नुसता स्पर्श करून परततो, तेव्हा श्रोत्याची जी अवस्था होते, तिची आठवण मला येथे येते.

हे गाणे पुढे अनेकांनी गायिले. पर्सी स्लेज यांनी गायिले, 1970 मध्ये अरेथा फ्रँकलिन यांनी गायिले, लिंडा रॉनस्टाट यांनी 1974 मध्ये गायिले, आणि राय कूडर यांनी 1972 मध्ये ते शब्दांवाचून गिटारवर वाजवले. अरेथा यांचे गाणे मोठेच आहे, परंतु त्यात अंधार उरत नाही. त्या भर चौकात उभ्या राहून गातात. ज्यांनी ते लिहिले त्या डॅन पेन यांची पसंती कायम कार यांच्याच आवाजाला राहिली आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. नाव कानावर न येण्याचे कारण गळ्यात शोधू नये, व्यवहारात शोधावे. त्याच मेम्फिसमध्ये स्टॅक्स ही कंपनी होती. तिच्याकडे स्वतःचा स्टुडिओ होता, कायमचे वादक होते, अटलांटिकसारख्या मोठ्या कंपनीचे वितरण होते, आणि 1967 च्या वसंतात तिने आपले गायक युरोपभर फिरवले. तिचे गायक ओटिस रेडिंग यांचे नाव जगभर झाले त्यात त्यांच्या गुणांचा वाटा आहेच, पण या यंत्रणेचाही आहे. गोल्डवॅक्स म्हणजे दोन भागीदारांचा प्रपंच. वितरणासाठी न्यूयॉर्कच्या बेल कंपनीवर विसंबून राहावे लागे आणि ध्वनिमुद्रण मिळेल त्या स्टुडिओत होई. ‘डार्क एंड’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत 10 व्या क्रमांकावर आले, पण सर्वसाधारण यादीत 77 च्या वर सरकले नाही. त्या काळी कृष्णवर्णीय श्रोत्यांपुरते गाजणे आणि देशभर गाजणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या, हे या दोन आकड्यांतून स्पष्ट होते.

त्यातच कार यांना मानसिक आजार होता. 1967 आणि 1968 मध्ये दोन मोठ्या तबकड्या (एलपी) निघाल्या, 1969 मध्ये अलाबामा राज्यातील मसल शोल्स येथे आणखी काही मुद्रण झाले, बी जीज या गटाचे ‘टू लव्ह समबडी’ त्यांनी गायिले, आणि त्याच सुमारास गोल्डवॅक्सच बंद पडली. 1971 मध्ये अटलांटिकने एक छोटी तबकडी काढली. 1977 मध्ये जेमिसन यांच्या खटपटीने आणखी एक निघाली. 1979 मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना मंचावर उभे राहूनही त्यांना गाता येईना, अशी वेळ आली. 1990 च्या दशकात दोन नव्या तबकड्या आल्या आणि 7 जानेवारी 2001 रोजी मेम्फिसमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांना ‘दुसरे ओटिस’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती दोघांवरही अन्याय करणारी आहे. ओटिस आवाज बाहेर फेकून श्रोत्याला उभे करतात, तर कार आवाज आत ओढून श्रोत्याला जवळ बोलावतात.

राहिला भाच्याचा प्रश्न. त्यांना निराश करणे भाग आहे. ज्या तबकड्या त्या काळी यादीत वर गेल्या, त्या अमेरिकेत हजारोंनी विकल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ अजून शिल्लक आहेत. मडगावात त्या दुर्मीळ असतील, पण भाव मडगावच्या हिशेबाने ठरत नाही. दुर्मीळ कशाला म्हणतात याचे टोकाचे उदाहरण सांगतो. फ्रँक विल्सन या गायकाची 1965 ची एक तबकडी बाजारात येण्यापूर्वीच रद्द झाली, तिच्या प्रती नष्ट करण्यात आल्या, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. त्यांतील एक प्रत 2009 मध्ये 25,000 पौंडांहून अधिक किमतीला गेली. ही किंमत उत्तर इंग्लंडमधल्या नृत्यशौकिनांनी चढवलेली आहे. त्यांना जलद तालाची अनोळखी गाणी हवी असत. कार यांची संथ गाणी त्यांच्या नाचाच्या उपयोगाची नव्हती. अशा संथ, आतून येणाऱ्या गायकीला इंग्रज लेखक डेव्ह गॉडिन यांनी ‘डीप सोल’ हे नाव रूढ केले, आणि तिचे चाहते मोजके असले तरी ऐकण्यासाठी विकत घेणारे असतात. कार यांच्या बाबतीत संग्राहक शोधतात त्या पडत्या काळातल्या 1971 आणि 1977 च्या तबकड्या, आणि गोल्डवॅक्सच्या दोन मोठ्या तबकड्यांच्या चांगल्या स्थितीतील मूळ प्रती.

आपल्याला किंमत काढायचीच असेल, तर लेबलापेक्षा लेबल आणि गाणे यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत कोरलेली अक्षरे पाहावीत. मूळ छपाई कोणती आणि मागाहून केलेली कोणती, हे पारखणारा माणूस तेथूनच ओळखतो. तोवर ट्रंकेतली एकही तबकडी भाच्याला विकू देऊ नये. त्या शेजाऱ्यांनी त्या कोणत्या बंदरावर घेतल्या हे लिस्बनला फोन करून मुलांना विचारता आले, तर ते मात्र जरूर विचारावे. असल्या संग्रहात बंदराचे नाव हाच खरा दुर्मीळ भाग असतो.

प्रश्न : माझ्याकडेही साठच्या दशकातल्या अमेरिकन सोलच्या काही लहान तबकड्या आहेत. घर जुने, चिऱ्याचे आहे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तबकड्यांवर पांढरी बुरशी दिसते आणि एक-दोन तबकड्या पूर्वीपेक्षा खरखरीत वाजू लागल्या आहेत. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बुरशी आणि खरखर या दोन वेगळ्या तक्रारी असण्याची शक्यता आहे, म्हणून आधी बुरशीचा उपाय करावा. ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रावणाचा एखादाच थेंब टाकावा, मऊ बारीक तंतूंचे फडके त्यात भिजवून पिळावे आणि चरांच्या दिशेने गोल पुसावे, आडवे कधीही पुसू नये. मग नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा पुसून उभी करून वाळवावी. लेबलाला पाणी लागू देऊ नये. नळाचे पाणी वापरल्यास त्यातील क्षार चरांत बसतात. जुने कागदी वेष्टन बुरशीचे घर असते. त्यावर छापील मजकूर असेल तर ते वेगळे जपून ठेवावे, पण तबकडी नव्या वेष्टनात घालावी.

खरखरीचे कारण बहुधा निराळे आहे, आणि ते अमेरिकन लहान तबकड्यांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. साठच्या दशकात तेथील अनेक कारखाने मिनिटाला 45 फेऱ्यांच्या तबकड्या व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीन या स्वस्त प्लास्टिकच्या काढीत. हे प्लास्टिक कडक पण ठिसूळ असते, आणि झिजलेल्या किंवा जड सुईखाली त्याचे चर लवकर खराब होतात. झालेली झीज कोणत्याही पुसण्याने भरून येत नाही. म्हणून आपल्या यंत्राची सुई प्रथम बदलावी आणि सुईचा भार तिच्या उत्पादकाने सांगितला असेल तेवढाच ठेवावा. आजच्या बऱ्याचशा सुयांना दीड ते दोन ग्रॅम पुरतात. मद्यार्क असलेले द्रव पॉलिस्टायरीनला लावण्याचे टाळलेले बरे, आणि 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना तर ते मुळीच लावू नयेत, त्या विरघळू लागतात.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, आणि जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात. एवढे करूनही प्रत्येक तबकडीची डिजिटल प्रत एकदा चांगल्या यंत्रावर करून घ्यावी. नाजूक तबकडी रोज वाजवणे हे तिला रोज थोडे थोडे पुसण्यासारखेच आहे.

प्रश्न : आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा जमून जुन्या तबकड्या ऐकतो. तुमच्या टिपणानंतर जेम्स कार ऐकले. एका मित्राचे म्हणणे असे पडले की त्यांच्या गाण्यातले दुःख हे त्यांच्या आजाराचेच दुःख आहे आणि आजार नसता तर ते असे गाऊ शकले नसते. तुम्हाला काय वाटते? तसेच आता तबकड्या न शोधता त्यांचे गाणे कसे ऐकावे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे मला पटत नाही. काळ लावून पाहिले तर ते टिकतही नाही. त्यांचे सर्वोत्तम गायन 1966 ते 1969 या काळातील आहे. आजार जसजसा बळावत गेला तसतशी ध्वनिमुद्रणे कमी झाली, आणि शेवटी मंचावर गाणेच सुचेनासे झाले. आजाराने त्यांना गाणे दिले नाही, त्यांच्याकडून आणि आपल्याकडून ते काढून घेतले. शिवाय आवाज कुठे चढवायचा, कुठे रोखायचा, ओळीतला कोणता शब्द उशिरा सोडायचा, हे निर्णय वर्षानुवर्षे चर्चमध्ये घडलेल्या कानाचे आहेत. ते दुःखाच्या खात्यावर जमा केले की गायकाच्या मेहनतीला काहीच उरत नाही. वाटल्यास आपल्या मित्राला एक प्रयोग करायला सांगावा. चरित्र ठाऊक नसलेल्या कोणालाही ‘डार्क एंड’ ऐकवावे आणि काय जाणवले ते विचारावे. याच पानावरील मडगावच्या वाचकांनी हा प्रयोग नकळत केला आहे, आणि त्यांनी आजाराविषयी अवाक्षर काढलेले नाही.

ध्वनिमुद्रण थोडे मिळणे ही गोष्ट आपल्या प्रांताला नवी नाही. केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी ध्वनिमुद्रणाला फार थोडा वाव दिला, तरी त्यांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. तेवढ्या मिनिटांत केसरबाईंचा आवाका कळतो की नाही यावर जाणकारांनी वाद घालावा. कार यांच्या बाबतीत तो वाद नाही, कारण अडीच-तीन मिनिटे हेच त्यांच्या कलेचे माप होते आणि ते त्यांनी पुरेपूर भरले.

ऐकण्याची सोय आता उत्तम आहे. इंग्लंडमधील एस कंपनीने आपल्या केंट या नावाखाली गोल्डवॅक्सची ध्वनिमुद्रणे काळजीपूर्वक पुन्हा काढली आहेत, आणि त्यांतील बरीचशी गाणी मोबाइलवरही मिळतात. प्रारंभ 1967 च्या पहिल्या मोठ्या तबकडीपासून करावा आणि ती एकसलग ऐकावी. नंतर 1968 ची ‘अ मॅन नीड्स अ वुमन’. नव्वदच्या दशकातील गाणी सर्वांत शेवटी. आवाज थकलेला आहे हे आधी ठाऊक असले, तर त्यांतही एखादी ओळ जुन्या कारची सापडते. त्यांच्याबरोबर त्या मध्यरात्री दारात उभे असलेले ओ. व्ही. राइट यांचे ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ हे जेमिसन यांनी लिहिलेले 1964 चे गाणेही मिळवावे. पुढच्या बैठकीत ते आणि ओटिस रेडिंग यांनी गायिलेले तेच गाणे पाठोपाठ लावून पाहावे, आणि कार धरून तीनही गळ्यांविषयी आपल्या मंडळींचे काय ठरले ते आम्हाला कळवावे.